जहाजाखालचा कंदील

६ जानेवारी

ती. वहिनी,

सवयीनं पाकिटावर 'सौ.' लिहून बसले, मग पाकीटच बदललं. दादाला जाऊन सव्वा वर्ष झालं, पण हाताला कोण सांगणार.

पत्राला कारण मशीन. माझे डोळे आता सुई ओवू देत नाहीत. सुईचं भोक दिसत नाही, नुसतं आठवतं. त्या अंदाजानं दोरा सोडते, दहातून एकदा जातो. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकलाय, उन्हाळ्याआधी काढून टाकू. काढतील. पिशव्यांचं काम मात्र मी या महिन्यापासून बंद केलं. इतकी वर्षं ताडपत्री ओढून बोटंही वाकडी झाली आहेत, त्यांनाही सुट्टी.

घरात पाळणा यायचा आहे. सून बिचारी तोंडानं काही म्हणत नाही, पण टेप घेऊन त्या कोपऱ्याचं माप काढताना मी तिला दोनदा पाहिलं. मशीन भंगारात द्यायला माझा जीव होत नाही. तुम्ही ठेवून घ्याल का? तुमच्याकडे जागा आहे, आणि तुम्ही मशीनला माणसासारखं वागवता. दुसऱ्या कुणाला विचारण्याआधी तुम्हाला विचारते आहे. लगेच नाही म्हणू नका. चार दिवस घ्या.

उत्तर लिहा. तुमचं अक्षर मोठं असतं, मला अजून वाचता येतं.

तुमची नणंद


१५ जानेवारी

प्रिय वन्सं,

चार दिवस दिलेत, मी आठ घेतले. पण उत्तर पहिल्या दिवशीचंच आहे. नको हो.

रागावू नका. तुमच्या कंदील छाप मशीनचं मला कौतुकच आहे. इथला माल असून त्यानं इतकी वर्षं ताडपत्री शिवली, हे मी चारचौघींत सांगते. पण माझ्या परदेशी जहाज छापच्या शेजारी कंदील आणून ठेवला तर समोरची विचारेल, काय हो, बाहेरचं थकलं का? शेवटी बाहेरचं ते बाहेरचं. उभा जन्म मशीन दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोसाठी बाहेरचं निवडलं, त्यातच सगळं आलं.

तुम्हाला गोष्ट ठाऊक आहे, तरी सांगते. मुलगा परगावी, ऐकणारं दुसरं कोणी उरलं नाही. मला शाळा नव्हती. वाण्याच्या पुड्यांचे कागद मी जपून ठेवायची आणि त्यावरची अक्षरं भावाच्या पुस्तकातल्या अक्षरांशी जुळवायची. एकदा साखरेच्या पुडीवर जाहिरात आली. शिवणयंत्राचं चित्र आणि खाली तीन मोठी अक्षरं. पहिलं ओळखलं, ज. मधलं हा. तिसरं बघते तर पुन्हा पहिलंच. ज, हा, ज. कुणी न सांगता मी वाचलेला तो पहिला शब्द. पुढे हे मला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?" घरचे डोळे वटारून बघत होते, आणि मी म्हणाले, "जहाज."

हे म्हणाले, "मी मशीनच्या दुकानात कामाला आहे. बंदरात नाही."

मग मी पुडीचा कागद आणून दाखवला.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मशीन दारात आलं. खांबावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर शिडांचं जहाज. अडतीस वर्षं मी तो बिल्ला लिंबानं घासते आहे. आवाज ऐकूनच समोरचीनं बाहेरचं मशीन घेतलं, तिचं बघून तिच्या जावेनं. आमच्या गल्लीत बाहेरच्या मशीनचं नाव झालं ते माझ्या मशीनमुळे.

आता खरं सांगते. हे गेल्यापासून त्याला तेल नाही. तेल हेच घालायचे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. मला हात लावू द्यायचे नाहीत. "डोकं कलवलं की टायमिंग हलतं, बाहेरचं मशीन आहे," म्हणायचे आणि मला आत चहा ठेवायला पाठवायचे. मी कप घेऊन येईपर्यंत डोकं पुन्हा जागच्या जागी, आणि हे फडक्यानं हात पुसत बसलेले. पहिल्या रविवारी अजून माझ्या हातून पाणी दोन कप पडतं.

तुमचं मशीन एखाद्या गरजू बाईला द्या. तुमचे आशीर्वाद त्याला लागतील.

तुमची वहिनी


२४ जानेवारी

ती. वहिनी,

बरं. नाही तर नाही.

मशीन शिवणवर्गाला दिलं. काल दोन माणसं येऊन घेऊन गेली. जिन्यात तीनदा टेकवलं. त्यातला एक म्हणाला, "आजी, कंदील छाप मी पुष्कळ उचलली, एवढं जड कधी पाहिलं नाही." मी म्हटलं, जुना माल आहे बाबा, तेव्हा लोखंड भरपूर होतं.

कोपरा रिकामा झाला. सुनेनं पुसून घेतला. जमिनीवर चार पायांचे चार डाग राहिलेत, ते निघत नाहीत.

एक ऐका माझं. तुमचं मशीन तेलावाचून जड चालत असेल तरी दुकानात नेऊ नका. कुणालाही उघडू देऊ नका. डोळ्यांचं झालं की मी येते, आपण दोघी मिळून तेल घालू.

तुमची नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

उघडलं.

तुमचं ऐकायला हवं होतं की बरं झालं नाही ऐकलं, ते मला अजून ठरवता येत नाही. समोरचीच्या नातीचा फ्रॉक शिवायला घेतला होता. बाहीवर आले आणि मशीन थांबलं. चाक हातानं फिरवलं तर तेही फिरेना. हातगाडीवर घालून दुकानात नेलं. ह्यांच्या जागेवर आता ते चष्मेवाले मिस्त्री बसतात, ह्यांच्या हाताखाली होते ते. "वहिनी, तुम्ही कशाला आलात, निरोप द्यायचा," म्हणाले आणि बसल्या बसल्या एका हातानं मशीनचं डोकं मागे कलवलं.

मी म्हणाले, "अहो, टायमिंग हलेल."

"टायमिंगला काय होतंय? कलवल्याशिवाय तेल कुठून घालणार?"

"बाहेरचं आहे ना, म्हणून म्हटलं."

त्यांनी बॅटरी घेतली, मशीनच्या पोटात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माणूस भला आहे, त्याला काय करावं कळेना. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुम्हाला वाचता येतं ना? मग तुम्हीच बघा."

मी वाकून बघितलं. लोखंडात ओतलेली अक्षरं होती. आपली अक्षरं. तीनच. क वर टिंब, मग दी, मग ल. पहिला शब्द वाचताना मी जेवढा वेळ घेतला होता तेवढाच हाही वाचायला लागला, कारण मला तो वाचायचा नव्हता.

नंतर त्यांनी बिल्ल्याचे दोन स्क्रू सोडवले. जहाज निघालं आणि खाली, त्याच खांबावर, रंगात काढलेला कंदील. लाल कंदील, पिवळी ज्योत. काल काढल्यासारखा ताजा.

"बिल्ला परत बसवू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. रुमालात बांधून घरी आणला. तेल घातल्यावर मशीन चालू झालं म्हणे. मी त्यावर बसले नाही. बाही तशीच अर्धी आहे.

वन्सं, वस्तूचं मला काही नाही. ह्यांनी त्या दिवशी सांगितलं असतं, जहाज मिळालं नाही, कंदील आणलाय, तर मी चार दिवस फुगून बसले असते आणि पाचव्या दिवशी शिवायला लागले असते. पण अडतीस वर्षं? दर महिन्याला मला आत पाठवून? दुकानात गिऱ्हाइकाला कसा माल खपवतात ते मी ऐकून आहे. मी बायको होते की गिऱ्हाईक? सव्वा वर्ष मी ह्यांचं बोलणं आठवून आठवून दिवस काढते आहे. आता प्रत्येक वाक्याचे स्क्रू सोडवून बघावेसे वाटतात, खाली काय आहे म्हणून.

आणि तुम्ही लिहिलंत, कुणाला उघडू देऊ नका. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. होतं का? दुसरं काही लिहू नका, एवढंच लिहा.

वहिनी


१० मार्च

वन्सं,

तीन आठवडे झाले. उत्तर येत नाही, हेच उत्तर धरते.

वहिनी


१६ मार्च

ती. वहिनी,

तुमची दोन्ही पत्रं सुनेनं काल वाचून दाखवली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यावर पट्टी होती, आणि पहिलं पत्र पंधरा दिवस उशीखाली ठेवून झोपत होते. वाचून घ्यायला धीर होत नव्हता. पाकिटावरचं तुमचं अक्षर सून म्हणाली फार दाबून काढलंय.

हे पत्र मीच लिहिते आहे. ओळी वर-खाली जातील.

मला ठाऊक होतं. त्या दुपारी मी दुकानातच होते. मालक जेवायला गेले होते. दादानं दोन मशीनं शेजारी शेजारी मांडली होती. एक जहाज, गाव सोडून गेलेल्या एका कुटुंबाचं, जुनं, बैलासारखं दणकट. एक नवं कंदील. एक तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी, कारण माझ्या घरी तेव्हा माझ्या शिवणाशिवाय चूल पेटत नव्हती. मी म्हटलं, दादा, वहिनीला जहाज हवंय, दे की. त्यानं पातळ कापडाच्या दोन चिंध्या घेतल्या, एकेका मशीनवर एकेक शिवली, आणि मला म्हणाला, "डोळे मीट. बोट फिरव. कुठलं बाहेरचं ते सांग."

मी बोट फिरवलं. एका चिंधीवर टाका लागत होता, कापड आखडलेलं होतं. दुसरीवर शिवण आहे हे बोटाला कळतच नव्हतं. मी दुसरी पुढे केली. म्हटलं, हे बाहेरचं.

तो इतका हसला की पलीकडचा दुकानदार बघायला आला.

जहाज जाड कापडासाठी घडलेलं होतं, वहिनी. पातळ कापडाला ते चुण्या पाडायचं. तुम्ही शिवणार होता ब्लाउज आणि फ्रॉक, मी शिवणार होते ताडपत्री. त्यानं कामाप्रमाणे मशीन दिलं. माझ्या घरची दुसरी अडचण तुम्हाला माहीत आहे. माझ्या थोरल्या दिरांची नजर. रेडिओ, घड्याळ, जे जे बाहेरचं म्हणून घरात आलं ते तीन महिन्यांत विकायला घराबाहेर गेलं. कंदिलाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. आणि नाहीच पाहिलं. दुकानात सुट्या बिल्ल्यांचा डबा होता. त्यातला कंदील दादानं माझ्या जहाजाला लावला आणि जहाजाचा बिल्ला तुमच्या कंदिलाला. तुमच्या मशीनवरची सोनेरी अक्षरं घासून वर काळा रंग दिला. खांबावरच्या चित्रावर ब्रश नेला, आणि थांबला. म्हणाला, "पुसवत नाही गं. चांगलं मशीन आहे." म्हणून तो कंदील खाली राहिला.

मी म्हटलं होतं, वहिनीला खरं सांग. गिऱ्हाइकाला तर तू सांगतोस. तर म्हणाला, "गिऱ्हाइकाला सांगतो, ते तोंड वाकडं करून दुसऱ्या दुकानात जातं. हिला मी कुठे जाऊ देऊ?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं तेव्हाच दिलं होतं, असं मला वाटतं.

सांगणार होता तो. वर्षभरानं सांगतो म्हणाला. मग मुलगा झाल्यावर. मी दर भेटीत विचारायची, सांगितलंस? "रविवारी तेल घालताना सांगायचं ठरवतो," म्हणायचा, "आणि ती चहा घेऊन येते." शेवटी दवाखान्यात मला म्हणाला, "तू तरी बोलू नकोस. ती आवाज ऐकत बसते त्या मशीनचा." ते मी पाळलं. म्हणून तर जानेवारीत आधी तुम्हाला विचारलं. न बोलता तुमचं जहाज तुमच्या घरी पोचलं असतं. तुम्ही म्हणालात, इथला माल कुठे ठेवू.

एकदा मात्र ओठांपर्यंत आलं होतं. माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस तुमचं मशीन मागितलं होतं, आठवतं? माझ्या मशीनवर तिच्या पातळ कापडाच्या चुण्या पडत होत्या. तुम्ही म्हणालात, "बाहेरचं आहे वन्सं, दुसरा हात लागला की बिघडतं." सगळे कपडे मी हातानं शिवले. एकेक टाका घालताना मनात म्हणत होते, कंदील, कंदील, कंदील. पण तुमच्यापुढे बोलले नाही. आज बोलून मोकळी झाले, राग धरू नका.

शिवणवर्गाची गंमत सांगते. बाई परवा डोळ्यांची चौकशी करायला आल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या मशीनवर बसायला मुली भांडतात, जीन्सचे चार थर एका दमात शिवतं. "लोक उगाच इथल्या मालाला नावं ठेवतात," म्हणाल्या. आता वर्गासाठी आणखी दोन कंदील छाप मागवली आहेत. ती आली की म्हणतील, इथला माल आता पूर्वीसारखा राहिला नाही. मला इतकं हसू आलं की डोळ्याला त्रास होईल म्हणून सुनेनं दटावलं.

सोबत त्या दोन चिंध्या पाठवते. इतकी वर्षं माझ्या बटणांच्या डब्यात होत्या. जहाजावर शिवली तिच्या टोकाला दादानं गाठ मारली आहे. गाठ बघू नका. आधी डोळे मिटा.

तुमची नणंद


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र आलं त्या दिवशी चिंध्या तशाच पाकिटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशीही. मला भीती वाटत होती की माझं बोट मुद्दाम जहाजावर थांबेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीपाशी बसले, डोळे मिटले, मांडीवर दोन्ही सरळ केल्या आणि बोट फिरवलं. विचार करायची गरज पडली नाही. एका चिंधीवर बोट अडखळलं. दुसरीवर असं गेलं जसं माझ्या स्वतःच्या शिवणीवरून जातं. तीच वर उचलली. टोकाशी चाचपून पाहिलं. गाठ नव्हती.

 हे मला बघायला आले त्या दिवशी ह्यांनी विचारलं होतं, काय हवंय. मी शब्द सांगितला. त्यांनी तो शब्दही आणला आणि मशीनही आणलं, फक्त एकाच ठिकाणाहून नाही आणलं. रडले वन्सं, लपवत नाही. पण ह्या वेळी ते जाऊन इतके महिने झाले म्हणून नाही. इतके रविवार हे बोलायला तोंड उघडत असतील आणि मी कप घेऊन येत असेन म्हणून. एकदा तरी चहा उतू जायला हवा होता.

तुमच्या मुलीच्या कपड्यांचं मला आठवतं. ते वाक्य मी म्हणाले होते, आणि अगदी त्याच आवाजात म्हणाले होते. माझं चुकलं. त्याला दुसरा शब्द नाही.

बाही पूर्ण केली. आवाज तोच आहे. मी आपली वेड्यासारखी कान लावून फरक शोधत होते.

मिस्त्रींना निरोप पाठवला, घरी आले. म्हटलं, बिल्ला परत बसवा. त्यांना नवल वाटलं. "आता कशाला वहिनी? कंदील किती छान दिसतोय." छान दिसतोय म्हणूनच. उघड्यावर राहिला तर माझा हात लागून लागून दोन वर्षांत पुसून जाईल. जहाजाखाली अडतीस वर्षं ताजा राहिला, पुढेही राहू दे. ह्यांनी झाकलं होतं तसंच झाकलं. एक स्क्रू जरा सैल ठेवायला सांगितलाय, वाटलं तर बिल्ला बाजूला सारून मला बघता यावं म्हणून.

काल समोरची फ्रॉक न्यायला आली. शिवणीवर अंगठा फिरवून म्हणाली, "काही म्हणा, बाहेरचं ते बाहेरचं." माझ्या तोंडावर आलंच होतं. मग म्हणाले, "हो ना." तुम्ही माझ्यासमोर एवढी वर्षं कशा गप्प बसत होता ते तेव्हा कळलं. गालाला आतून चावावं लागतं.

येत्या रविवारी, महिन्यातला पहिला आहे, आधी इथलं तेल मी घालेन. डोकं कलवायला शिकले, एका हातानं होतं. मग दुपारच्या गाडीनं तुमच्याकडे येते. तुमचा दुसरा डोळा व्हायच्या आत मला शिवणवर्गात घेऊन चला. ज्या शब्दावरून मी अक्षरं शिकले त्याच्यावर मी अजून एक टाका घातलेला नाही. पाच मिनिटं बसू देतील का मुली? कुणी विचारलं तर सांगू, कंदील छाप आहे, इथलंच. त्यापुढे आपण दोघींनी काही बोलायचं नाही.

चहा तुम्ही ठेवा. तेलाचा डबा मी घेऊन येते.

तुमची वहिनी